दरेकसाच्या घाटात अकरा माणसांचं लग्न, पण पळून न जाता

(या भागाचं लिखित रूप. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी.)

आज पाहुणा नाही, मी एकटीच बोलणार आहे. कारण असं की मागच्या आठवड्यात एका मुलीची व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची. मी ती तीनदा ऐकली. नाव-गाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. एवढं सांगते की मुलगा आमगावकडचा, मुलगी बालाघाटकडची. दोघांची जात वेगळी. दोघंही कमावते. मुलगी तेवीसची, मुलगा सव्वीसचा.

ती म्हणते, "ताई, मी एक रील बघितली. कुठल्या तरी परदेशातल्या घाटात दोघंच उभे आहेत, मागे डोंगर, वारा, एक माणूस कागद वाचतोय आणि झालं लग्न. खाली लिहिलं होतं एलोपमेंट. आम्हाला अगदी असंच पाहिजे. दरेकसाच्या घाटात. दहा-अकरा माणसं. आम्हाला पळून नाही जायचं, पण पाचशे पत्रिकाही नाही वाटायच्या. हे जमते का?"

जमते. पण रीलमध्ये जे दिसत नाही त्याचीच तयारी जास्त करावी लागते. आजचा भाग त्याच तयारीवर.

आधी त्या शब्दाचं बघू. एलोपमेंट म्हणजे मुळात घरच्यांना न सांगता पळून जाऊन केलेलं लग्न. गेल्या काही वर्षांत तिकडे फोटोग्राफर आणि प्लॅनर लोकांनी तो शब्द धुऊन-पुसून घेतला. आता त्याचा अर्थ झालाय मोजक्या माणसांत, सुंदर जागी, बँडबाजाशिवाय केलेलं लग्न. आईवडील कधीकधी शेजारीच उभे असतात. म्हणजे त्यात पळणं उरलंच नाही.

आपल्याकडे मात्र तो शब्द अजून धुतला गेलेला नाही. आपल्याकडे "पळून गेली" म्हणतात. लक्षात घ्या, "गेली". मुलगाही बरोबरच गेलेला असतो, पण चौकात चर्चा होते ती मुलगी पळाल्याची. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार, तिसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं कॉलेज बंद. हे मी पुस्तकातून सांगत नाही, तुमच्यापैकी प्रत्येकाच्या गावात असं एक घर आहे.

म्हणून त्या मुलीचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. पळायचं नाही, आणि पाचशे पत्रिकाही नाहीत. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे, आणि ती आपल्याकडे नवीन नाही. महात्मा फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च अगदी थोडा, आणि वधूवरांनी एकमेकांना शब्द द्यायचा. दीडशे वर्षं झाली की त्याला. आणि अगदी कालची गोष्ट, एप्रिल २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारने नियम काढला होता, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. तेव्हा ज्यांची लग्नं झाली त्यांचे संसार काही कमी पक्के नाहीत.

आता जागा. गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने गाडी निघाली की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. सालेकसापर्यंत धानाची बांधी दिसत राहते, सपाट. दरेकसा आलं की एकदम जंगल अंगावर येते, डोंगर दोन्हीकडून जवळ सरकतात, आणि पुढे बोरतलावच्या आधी बोगदा. बोगद्याच्या पलीकडे छत्तीसगड. मुंबई-हावडा मार्ग आहे हा, म्हणजे दर थोड्या वेळाने मालगाडी जातेच. स्टेशनपासून साधारण किलोमीटरभर चाललं की हाजरा फॉल. गोंदियाहून रस्त्याने गेलात तर पन्नासेक किलोमीटर.

ज्यांना वाटते की घाट म्हणजे महाबळेश्वर किंवा मनाली, त्यांनी एकदा ऑक्टोबरमध्ये इथे यावं. फार उंच नाही, मान्य. पण साग, मोह, बांबू, आणि मधे कातळावरून पडणारं पाणी. पावसाळ्यात हाजरा भरून वाहतो, आणि तेव्हाच तो सगळ्यात धोक्याचाही असतो, कातळ बुळबुळीत होतो. दिवाळीनंतर पाणी उतरते पण जंगल हिरवं राहते, ऊन सोसवते. उन्हाळ्यात धार जवळजवळ नावालाच. आणि आपल्याकडची निम्मी लग्नं एप्रिल-मे मध्ये असतात हा एक विनोदच आहे. पंचेचाळीस डिग्रीत शेरवानी! तेव्हा माझं मत विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर.

जागेबद्दल तीन गोष्टी सांगते, मग कायद्याकडे वळते.

पहिली, हे जंगल वनविभागाचं आहे. चार मित्र फिरायला जाणं वेगळं आणि अकरा माणसं, हार, सतरंज्या, फोटोग्राफर घेऊन जाणं वेगळं. सालेकसा भागातल्या वनविभागाच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज द्या. तारीख, माणसं किती, किती वेळ थांबणार, काय सामान. ड्रोन उडवायचा असेल तर ते स्पष्ट लिहा आणि नाही म्हणाले तर नाही. धूप, होम, फटाके, मोठा स्पीकर, काहीच नको. एक कारण वणव्याचं आहे आणि दुसरं आग्या मोहोळाचं. कड्याला मोहोळ लागलेलं असलं आणि खालून धूर गेला, तर अक्षता टाकायला हात मोकळे राहणार नाहीत, एवढंच सांगते.

दुसरी, रेल्वे रुळांवर किंवा बोगद्याच्या तोंडाशी फोटो काढायचे नाहीत. मला माहीत आहे, तुमच्या फोटोग्राफरच्या डोक्यात तोच फ्रेम आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ आहे, विनापरवाना रुळांवर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होऊ शकतो. आणि वळणावरून येणारी मालगाडी कायदा वाचत बसत नाही.

तिसरी, कचारगड. जवळच आहे, गुहा भव्य आहे, आणि कुणी ना कुणी सुचवणारच की "तिथं करू ना". कचारगड हे गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून आदिवासी बांधव येतात, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्याशी ती जागा जोडलेली आहे. तुम्ही त्या परंपरेतले असाल, तुमच्या घरच्यांनी आणि भूमकाने सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर दुसऱ्याच्या देवघरात जाऊन आपला फोटोशूट करू नये.

बरं, आता मुख्य.

तुमचं लग्न कायद्याने कधी लागते? घाटात हार घातल्यावर? की सही केल्यावर? हे तुम्ही कोणता रस्ता धरता त्यावर आहे. ढोबळमानाने दोन रस्ते आहेत.

एक, हिंदू विवाह कायदा १९५५. त्यात हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शीखही येतात. या कायद्यात लग्न कुठे लावायचं याचं बंधन नाही. मंगल कार्यालय असो, अंगण असो की दरेकसाचा घाट. पण विधी झाला पाहिजे. दोघांपैकी एकाच्या तरी समाजात जी रीत आहे ती. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होते. म्हणजे या रस्त्याने गेलात तर घाटातलं लग्न हेच खरं लग्न. नंतर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विवाह नोंदणी करायची. साक्षीदार तीन, लग्न लावणाऱ्याची सही, फोटो, वयाचे दाखले.

इथे एक सावधगिरी. बाजारात "एका दिवसात कोर्ट मॅरेज" असे बोर्ड दिसतात. पैसे द्या, दोन हार घाला, एका संस्थेचं छापील प्रमाणपत्र घ्या. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच एक प्रकरण होतं. दोघंही विमानाचे पायलट. आधी एका संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं, त्यावर सरकारी नोंदणीही झाली, विधी पुढे करू म्हणाले, आणि ते करायच्या आतच बिनसलं. कोर्टाने सांगितलं, विधी झालाच नाही तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्नच झालं नाही. नुसत्या नोंदणीने ते होत नाही. त्यांना त्यातून बाहेर पडायचं होतं म्हणून बरं. पण विचार करा, उद्या नवऱ्याच्या अपघातानंतर विम्याच्या खिडकीवर तुम्हाला कळलं की तुमचं लग्न म्हणजे नुसता कागद होता!

आणि बॉन्ड पेपरवरचं लग्न. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर "आम्ही आजपासून पतीपत्नी" लिहून नोटरीचा शिक्का. हे लग्न नाही. कुठल्याच कायद्यात नाही. आपल्याकडे अजून करतात म्हणून सांगितलं.

दोन्हीकडचे आदिवासी असाल तर आणखी एक गोष्ट. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम २ मध्येच तसं लिहिलंय. तिथे समाजाची रूढी चालते. आणि खरं सांगू का, गोंड परंपरेत या विषयाकडे बघायची नजर आपल्यापेक्षा मोकळी आहे. मुलगी स्वतःहून मुलाच्या घरी जाऊन राहिली, तर नंतर पंच बसून, दंड-जेवण ठरवून त्याला लग्न मानायची रीत जुनी आहे. छत्तीसगडकडे तिला पैठू म्हणतात. म्हणजे आज आपण ज्याला इंग्रजी नाव देऊन रील बनवतोय, त्याची सोय या डोंगरातल्या माणसांनी कधीचीच करून ठेवलीय.

दुसरा रस्ता, विशेष विवाह कायदा १९५४. धर्म कोणताही, जात कोणतीही, विधी असो वा नसो. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण यात कोर्ट येतच नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात विवाह अधिकारी असतात, त्यांच्यापुढे होते. जातधर्म वेगळा असलेल्या जोडप्याला मी हाच रस्ता सुचवते, कारण कागद एकदम पक्का होतो.

यात रीलवाल्यांच्या आवडीचं एक कलम आहे. कलम १२. ते म्हणते की लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, किंवा तिथून वाजवी अंतरावर पक्षकारांना हव्या त्या जागी लावता येते, जादा फी भरून. आणि पद्धत तुम्हाला हवी ती. फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं, मी तुझा पती म्हणून, पत्नी म्हणून कायदेशीर स्वीकार करते किंवा करतो. १९५४ च्या कायद्यात घाटातल्या लग्नाची सोय! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही मजा वाटली.

पण गोंदिया ते दरेकसा पन्नास किलोमीटर "वाजवी अंतर" आहे का? ते अधिकारी ठरवणार. लेखी विचारा, विचारायला काही जात नाही. मात्र प्लॅन असा करा की सकाळी गोंदियात सही, दुपारी घाटात समारंभ. परवानगी मिळाली तर बोनस. या रस्त्याने तुमची लग्नाची तारीख म्हणजे सहीची तारीख, घाटातला भाग तुमच्या मनाचा. एकाच दिवशी केलंत तर वाढदिवसाचा गोंधळही नाही.

आता तारखांचं गणित, कारण इथेच लोक फसतात. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस राहिलेलं पाहिजे. मुलगा आमगावचा आहे म्हणजे गोंदिया जिल्हा, प्रश्न मिटला. नोटीस ऑनलाइनही देता येते, नोंदणी विभागाच्या साइटवर. नोटीस लागल्यापासून ३० दिवस थांबायचं. कुणाचा आक्षेप आला नाही तर त्यानंतर लग्न. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत नाही केलं तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे समजा १० ऑक्टोबरला नोटीस दिली आणि लागली, तर १० नोव्हेंबरच्या सुमारास दार उघडते आणि १० जानेवारीच्या आधी बंद होते. हाजराचं हिरवं जंगल आणि गुलाबी थंडी नेमकी याच खिडकीत बसते. म्हणून नवरात्र संपलं की कागदं गोळा करायला लागा. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण हे त्या व्हॉइस नोटमध्ये नव्हतं आणि तिला बहुतेक माहीतच नाही.

ती नोटीस कार्यालयाच्या बोर्डावर लागते. सगळ्यांना दिसेल अशी. आणि दोघांपैकी एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही बोर्डावर लागते. म्हणजे बाळा, तुझं नाव बालाघाटच्या बोर्डावर लागणार आहे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला कुणी ना कुणी असतेच. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने म्हटलं होतं की जोडप्याला नको असेल तर नोटीस जाहीर करायची सक्ती नसावी, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. गोंदियाच्या खिडकीवर तो दाखवून नोटीस टळेल असं धरून चालू नका.

मग याचा अर्थ काय? या रस्त्याने लग्न छोटं करता येते, चोरून करता येत नाही. तुमच्या बाबांना हे तुमच्या तोंडून कळणार की तहसीलमध्ये कामाला गेलेल्या काकाच्या फोनवरून, एवढंच तुमच्या हातात आहे. म्हणून नोटीस द्यायच्या आधी घरी सांगा. लग्नाच्या आधी नाही, नोटिशीच्या आधी.

आणि ते चिडले, आक्षेप घेतला, तर? आक्षेपाची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत. कुणाचं आधीचं लग्न कायम असणं, मुलगी १८ पेक्षा किंवा मुलगा २१ पेक्षा लहान असणं, मानसिक स्थिती संमती देण्यासारखी नसणं, आणि नात्यातली मनाई. "आमच्या जातीचा नाही" हे कारण त्या यादीत नाही. "आम्हाला विचारलं नाही" हेही नाही. अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्याने आक्षेप मान्य केला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे. (जाताजाता, नात्यातल्या मनाईच्या यादीत मामाची मुलगीही येते. आपल्याकडे मामाची पोर करायची चाल आहे, तेव्हा तसं जमलं असेल तर या रस्त्याला न जाता रूढीच्या रस्त्याने जा.)

वयावरून एक कडक गोष्ट. मुलगी अठराची व्हायला दोन महिने कमी असतील तर दोन महिने थांबा. तिची मर्जी असली तरी कायद्यात ती धरत नाहीत, पॉक्सो लागतो आणि मुलगा आत जातो. प्रेमाला दोन महिने जड नसतात.

आता थोडं माझं. मी हे सगळं एवढ्या खात्रीने सांगतेय कारण माझं लग्न असंच झालं, नऊ माणसांत. आणि मी एक चूक केली. बाबांना तीन दिवस आधी सांगितलं. मला वाटलं होतं ते जातीवरून चिडतील. ते चिडले नाहीत. आले, सहीच्या वेळी मागच्या खुर्चीवर बसले, आणि घरी परतताना गाडीत फक्त एवढंच म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांच्या मांडवात जेवलो, पोरी. त्यांना काय सांगू?"

तेव्हा मला राग आला होता. आता कळते. गावात पंगत हे देणं-घेणं असते. कुणाच्या मुलीच्या लग्नात आपण जेवलो, आहेर दिला, मांडव घालायला गेलो, आपल्या वेळी ते येणार. पाचशे पत्रिकांतल्या चारशे पत्रिका मिरवायला नसतात, त्या उधारी फेडायला असतात. तुम्ही घाटात अकरा माणसांत लग्न केलं की तुमच्या बापाची तीस वर्षांची उधारी तशीच राहते, आणि रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो त्या माणसांसमोर उभा राहतो. तुम्ही पुण्याला निघून जाता.

याचा अर्थ पाचशे माणसं बोलवा असा नाही. आम्ही काय केलं सांगते. धान चुरून झाल्यावर, मार्गशीर्षात, घरच्या अंगणात एक दुपारचं जेवण घातलं. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. स्टेज नाही, डीजे नाही, आहेर घ्यायचा नाही. गावातलीच माणसं. खर्च मांडवाच्या लग्नापेक्षा कितीतरी कमी आला आणि बाबा त्या दिवशी वाढप्याच्या मागे हातात वरणाची बादली घेऊन फिरत होते. घाट तुमचा, पंगत त्यांची, असं वाटून घ्या. हे आधीच बोलून ठेवलंत तर घरी पहिल्या रात्री होणारं भांडण निम्म्यावर येते. मी तीन दिवसांऐवजी तीन महिने आधी बोलले असते तर त्या गाडीतलं वाक्य मला ऐकावं लागलं नसतं.

अकरा माणसं कोण? तीन साक्षीदार तर हवेतच. मित्रच मित्र नेऊ नका. दोन्ही घरांतून किमान एक मोठं माणूस असावं, मावशी, आत्या, आजोबा, कुणीही. उद्या कुणी म्हणालं "पोरगी पळाली", तर "मी तिथं होतो, मी अक्षता टाकल्या" म्हणणारा एक पांढऱ्या केसांचा माणूस वकिलापेक्षा जास्त कामाला येतो.

दिवसाचा बेत साधा ठेवा. सकाळी कार्यालय उघडताच गोंदियात सही. मग दोन गाड्या करून दरेकसा, किंवा लोकल गाडीची वेळ जमत असेल तर गाडीनेच, नवरानवरी डब्यात बसून, त्यासारखे फोटो कुठेच मिळणार नाहीत. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. जेवण गोंदिया किंवा आमगावहून डब्यात न्या, पत्रावळी न्या, आणि कचरा पोतं भरून परत आणा. फोनला रेंज धरसोड असते, तेव्हा आजीला व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद द्यायला सांगायचा प्लॅन असेल तर तो गोंदियातच उरका. शब्द देताना मालगाडी आली तर थांबा, डबे मोजा, मग पुढे चालू करा. अंधार पडायच्या आधी सालेकसा सोडलेलं असावं. हा भाग वर्षानुवर्षं नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला, "दरेकसा दलम" हे शब्द आपण बातम्यांत ऐकत मोठे झालो. दिवसा लोक फिरायला जातातच, पण स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी एक फोन केलेला बरा.

पैशाचं एक. आंतरजातीय लग्नाला राज्यात ५०,००० रुपयांचं प्रोत्साहन अनुदान आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून. जोडप्यापैकी एकजण अनुसूचित जाती-जमाती वगैरे प्रवर्गातला असावा लागतो, अटी तिथे जाऊन वाचा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागते, म्हणून ते जपून ठेवा.

आता शेवटचं, आणि हे हळू आवाजात बोलते. माझं "घरी सांगा" हे ज्यांच्या घरी राग येतो त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरी जीव जाऊ शकतो त्यांच्यासाठी नाही. कोंडून ठेवलंय, मोबाईल काढून घेतलाय, मारायची धमकी आहे, परस्पर दुसरीकडे सोयरीक उरकायला घेतलीय, तर घाट-बीट विसरा. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घराण्याची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष व सुरक्षित निवारा हवा. पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. मिसिंगची तक्रार झाली तर सज्ञान मुलीने "मी माझ्या मर्जीने आले" असा जबाब स्वतः द्यायचा असतो. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो गुन्हा आहे.

व्हॉइस नोटवाल्या मुलीला मी वेगळं उत्तर पाठवलंय. तिने काल कळवलं की नोटीस अजून दिलेली नाही, आधी आईला सांगणार आहे, रविवारी, बाबा बाजारात गेले की. काय झालं ते ती कळवेल आणि तिची हरकत नसेल तर मी तुम्हाला सांगेन.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवरच पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत बरं का. चला, भेटू पुढच्या भागात.